ढाबळीची किल्ली

"घे," दादा म्हणाला आणि ढाबळीची किल्ली त्यानं माझ्या हातावर ठेवली. "आजपासून वरचं सगळं तू बघायचंस."

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातला ओला पिळा तसाच राहिला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

"मी?"

"मग कोण? तुझ्या हाताला कबुतरं येतात, मी बघितलंय की. माझी कंबर आता कामातनं गेली, माले. दिवसभर दुकानात वाकून बसायचं आणि परत वर येऊन खरवडत बसायचं, जमंना झालंय."

तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तिथूनच त्यानं कुठल्या खणात कुठली जोडी, कुणाला किती दाणे, पाणी कधी बदलायचं, सगळं सांगितलं. मी मान हलवत होते, पण लक्ष किल्लीकडंच होतं.

हे ऐकून कुणाला हसू येईल. चाळिशीकडं झुकलेली बाई कबुतरांच्या खुराड्याची किल्ली मिळाली म्हणून हरखून जाते, यात काय आहे. पण आमच्या घरात त्या ढाबळीला देव्हाऱ्याचा मान होता. मिरजेत किल्ल्याच्या अंगाला आमचं घर. गच्चीच्या एका बाजूला माझी पत्र्याची खोली आणि दुसऱ्या बाजूला बाबांनी स्वतः ठोकलेली लाकडी ढाबळ, जाळीचं दार लावलेली. बाबांची गिरेबाज कबुतरं सकाळी उडाली की आभाळात मोहरीएवढी होऊन जायची आणि दिवस कलला तरी खाली यायची नाहीत. बाईमाणसाचा वावर झाला की कबुतर आळसावतं, असं बाबा म्हणायचे. मी लहानपणी जाळीला नाक लावून उभी राहायचे. दादा आत असायचा, मी बाहेर. एकदा मी आत शिरले तर बाबांनी कान धरून बाहेर काढलं होतं आणि दादा हसला होता.

त्याच दादानं आता ती माझ्या हवाली केली होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि मी माहेरी परत आले, तेव्हापासून या घरात मी होते, पण माझं असं काही नव्हतं. खालच्या स्वयंपाकघरात कांचनवहिनीचं राज्य. माझं शिलाई मशीन, ब्लाउजांचे गठ्ठे आणि ती पत्र्याची खोली. किल्ली मी पदराच्या टोकाला बांधली आणि संध्याकाळी वहिनीला दाखवली.

"बरं झालं," वहिनी म्हणाली. भाकरी थापतच होती. वर बघितलं नाही.

दादाच्या दोन मुली, प्रणोती आणि धाकटी अवनी. प्रणोती सातवीत होती. मी ढाबळीत गेले की ती माझ्या मागे मागे यायची, पिल्लं बघायला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीच दादानं तिला जिन्यात गाठून असं काही खडसावलं की पोर रडत खाली पळाली.

"वर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. अभ्यास कर."

"असू दे की दादा, बघते घटकाभर," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

दादा मुलींवर कधी ओरडायचा नाही. मला जरा नवल वाटलं. मग मनात आलं, बाबांचंच पाणी आहे, पोरींना ढाबळीत शिरू देणार नाही. आणि तरी मला शिरू दिलं, या विचारानं मी आणखीच सुखावले.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाबांची शेवटची दोन वर्षं धापेत गेली. बोलताना वाक्य पुरं व्हायचं नाही. छातीच्या डॉक्टर शेट्येबाई त्यांना बघायच्या. बाबांच्या आधी आमची तासगावची आत्या अशीच गेली होती, आणि तिच्याही आधी बाबांचे एक चुलते. बाबा गेल्यावर शेट्येबाईंनी आम्हा दोघा भावंडांना बोलावून घेतलं.

"एकाच घराण्यात इतक्या जणांची फुप्फुसं सुजून वाळत गेली, हे मला नुसत्या धुळीचं काम वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तातच काही आहे का, ते बघूया. पुण्याला पाठवते."

आमचं रक्त घेतलं. बऱ्याच दिवसांनी निकाल आला म्हणून दवाखान्यातून फोन आला. लग्नसराई होती, माझ्यापुढं ब्लाउजांचा ढीग पडला होता. दादा म्हणाला, मी जाऊन येतो.

तो परत आला तेव्हा मी मशीनवरच होते.

"काय म्हणाल्या?"

"काय नाही. काय निघालं नाही. आपण दोघं ठणठणीत आहोत."

"मग बाबा?"

"बाबा बिड्या ओढायचे की."

"आणि आत्या? ती कुठं बिडी ओढत होती?"

"आत्याचा जन्म चुलीपुढं गेला. धूर काय कमी खाल्ला तिनं?" दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. "नको तो घोर लावून घेऊ नकोस."

मी घोर सोडून दिला. किल्ली मिळाली ती त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मनात यायचं कारणच नव्हतं.

ढाबळीचं काम मी जीव लावून केलं. खणांतली वाळलेली शीट खुरप्यानं खरवडायची, झाडून गोणीत भरायची, दाणे निवडायचे, पिल्लांच्या चोचीत भिजवलेला हरभरा भरवायचा. खरवडताना पांढरी धूळ उठायची आणि जाळीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायची. कबुतर हातात घेतलं की तळव्याला पिठासारखं काही लागायचं. केसांत, पापण्यांवर, पोलक्याच्या शिवणीत सगळीकडं ते पीठ असायचं. मला त्याची किळस आली नाही. एक चांदीच्या रंगाची मादी होती, चांदणी, ती माझ्या खांद्यावर बसून कानाशी घुमायची. इतक्या वर्षांत माझ्या इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं.

दादा खाली अंगणात उभा राहून वर बघायचा. गच्चीवर यायचाच नाही. कधी काही विचारायचं असलं तर जिन्याच्या मधल्या पायरीवरून हाक मारायचा. मी म्हणायचे, ये की वर, पिल्लं बघ. तो कंबरेला हात लावायचा.

पाऊस सरता सरता मला कोरडा खोकला लागला. साफसफाई केली की संध्याकाळी कणकण यायची, अंग मोडून यायचं, सकाळपर्यंत उतरायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि ओढायचा पंप दिला. दादानं स्वतः मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलं.

"लहानपणीही तुला असंच व्हायचं," तो म्हणाला.

"मला आठवत नाही."

"तू बारकी होतीस तेव्हा."

पुढच्या उन्हाळ्यात कबुतरांची शर्यत होती, ज्याचं शेवटी उतरेल तो जिंकला. शेजारच्या गच्चीवर पंच खुर्च्या टाकून बसले. आमची कबुतरं सकाळी सोडली. दुपार झाली, उन्हानं गच्ची तापली, बाकीच्यांची एकेक करून उतरायला लागली. आमची वर होती. माझी चांदणी शेवटी उतरली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. अंगणात दादाला लोकांनी खांद्यावर घेतलं. हार घातलेला तसाच तो गर्दीतून वर बघत म्हणाला, "ही आमच्या मालीची करामत. माझं काय नाही यात."

सगळ्यांनी माना वर केल्या. मी कठड्याला धरून उभी होते, कारण कठडा सोडला असता तर उभं राहणं अवघड होतं. धाप लागली होती. पण त्या क्षणी मला धापेचं काही वाटलं नाही. माझ्या भावानं चार माणसांत माझं नाव घेतलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर अस्तराचं कापड आणायला मी बाजारात गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिले. उठता येईना. दुकानातल्या बाईनं पाणी दिलं. पंप ओढून काही उपयोग झाला नाही. शेट्येबाईंचा दवाखाना तिथून जवळ होता. घरी कुणाला न सांगता, भिंतीचा आधार घेत घेत मी तिथं गेले.

बाईंनी मला लगेच ओळखलं. पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग माझा हात हातात घेतला आणि नखं बघितली. ती गोल, फुगीर झाली होती. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"घरी कबुतरं अजून आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. मीच बघते त्यांचं."

बाईंनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "तुम्ही बघता? कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून."

"आत जाता? झाडलोट करता?"

"सगळंच मी करते. दादाची कंबर दुखते."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर्जेरावांनी, तुमच्या भावानं, तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"काय?"

"रक्ताचा निकाल."

"काही निघालं नाही ना?"

"निघालं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्याही रक्तात एक बदल सापडला. घराण्यातून आलेला. नुसत्या त्यानं आजार होतो असं नाही. ढाबळीत दहा माणसं वावरली तर त्यातल्या नऊ जणांना शिंकही येणार नाही. पण ज्याच्यात हा बदल आहे, त्याचं फुप्फुस त्या धुळीनं सुजतं. पुन्हा पुन्हा सुजलं की आत व्रण धरतात. व्रण धरला की तेवढं फुप्फुस गेलं, ते परत येत नाही. मी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. ढाबळ काढून टाका. ते जमत नसेल तर तुम्ही दोघांनी तिच्या आसपास फिरकू नका, आणि मुलींनाही लांब ठेवा."

"मुलींना लांब ठेवलंय त्यानं," मी म्हणाले.

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आणि तोही फिरकत नाही," मी म्हणाले. "जिन्यातच उभा राहतो."

बोलता बोलता मला हसू आलं आणि हसण्यातून खोकला उठला. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला स्वतःला बोलवायला हवं होतं. घरातले थोरले आहेत, सांगतील, असं मी धरून चालले."

मीही तेच धरून चालले होते.

दवाखान्यातून मी सरळ दादाच्या दुकानात गेले. पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं त्याचं दुकान. तो बाकावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "तू इकडं कुठं? बस, चहा सांगतो."

"शेट्येबाईंकडं गेले होते."

त्याचा हात थांबला नाही, पण हळू झाला.

"त्यांनी काय सांगितलं होतं तुला?"

"कशाचं?"

"दादा."

तार त्यानं बाजूला ठेवली. दुकानाबाहेर रिक्षावाले हसत होते. त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "होईलच असं नाही म्हणाल्या होत्या."

"दोघांच्या रक्तात आहे म्हणाल्या होत्या."

"हो."

"मग तू जायचं सोडलंस."

त्यानं तारेचं टोक उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"आणि किल्ली मला दिलीस."

"माझ्या पदरात दोन पोरी आहेत, माले," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. बाजारात एखादा भाव सांगतो तसा. "मला काय झालं तर त्यांचं कोण बघणार?"

"कबुतरं विकता आली असती."

"बाबांची कबुतरं कशी विकू?"

मला वाटलं होतं तो रडेल, पाया पडेल, निदान मान खाली घालेल. तो फक्त अडचणीत आल्यासारखा दिसत होता. मी तिथून उठणार तेवढ्यात त्यानं ते वाक्य उच्चारलं, जे मला आजवर गिळता आलेलं नाही.

"आणि तुला हौस होती की," तो म्हणाला. "लहानपणापासून जाळीला चिकटून उभी राहायचीस. मी काय जबरदस्ती केली का?"

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. मी जाळीपाशी उभी राहायचे ते, बाबांनी कान धरला ते, मला आत जायचं होतं ते. इतकी वर्षं त्यानं ते लक्षात ठेवलं होतं आणि गरज पडली तेव्हा वापरलं. मला त्यानं फसवून आत ढकललं असतं तर कदाचित मी त्याच्याशी भांडले असते. त्यानं मला माझ्याच आनंदाला धरून आत नेलं होतं. यावर भांडणार काय?

"बाहेर कुठं बोलू नकोस हे," मी पायरी उतरताना तो मागून म्हणाला. "घराण्यात आहे म्हटलं की पोरींची लग्नं अवघड होतील."

त्या आठवड्यात मी सगळं आवरलं. शमीम आपा म्हणून माझी जुनी मैत्रीण, साड्यांना फॉल-बिडिंग करायची. तिच्या घरामागची खोली तिनं मला दिली. कारण विचारलं नाही. वहिनी मात्र माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला यांनी एवढंच सांगितलं होतं, पोरींना वर पाठवू नको," ती म्हणाली.

"का, ते विचारलं नाहीत?"

"नाही."

"माझे कपडे पोरींच्या कपड्यांबरोबर धुवायचं बंद केलंत तेव्हाही विचारलं नाहीत?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली गेली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. औषधांनी सूज उतरली, व्रण राहिले. आता घरात प्राणवायूचं यंत्र आहे, काम करताना नळी नाकाला लावून बसते. मशीन अजून चालवते, पण मोटारीचं. दादानं त्या हिवाळ्यात ढाबळ मोडली, पक्षी कुणाकुणाला देऊन टाकले. तो आजही धडधाकट आहे. प्रणोती अठराची झाली तेव्हा मी तिला माझ्या खोलीत बसवून सगळं सांगितलं, तिच्या रक्तात काय असू शकतं आणि कशापासून लांब राहायचं ते. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासून. त्या पोरीनं मला एकच विचारलं, "माझ्या बाबांनी तुला सांगितलं नव्हतं, आत्या?" मी म्हटलं, "तुला तरी कुणी सांगायला हवं होतं ना."

पण घर सोडायच्या आधीची ती भाऊबीज सांगायची राहिली.

सामान आदल्या दिवशीच शमीम आपाकडं गेलं होतं. मीही जाऊ शकले असते. पण मुलींना काही ठाऊक नव्हतं. अवनीनं पाटाभोवती रांगोळी काढली होती, आत्याची वाट बघत दोघी बसल्या होत्या. मला खाली उतरायला वेळ लागला. दादा आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. वहिनीनं तबक माझ्या हातात दिलं.

मी त्याला कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी आणि अंगठी त्याच्या तोंडावरून ओवाळली. मग निरांजन घेतलं. आमच्याकडं हे मुकाट्यानं करत नाहीत. बहिणीनं मोठ्यानं म्हणायचं असतं, दरवर्षी मीच म्हणायचे आणि मुली माझ्या मागून ओरडायच्या. त्या वर्षी निरांजन फिरत राहिलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुली एकमेकींकडं बघायला लागल्या.

"म्हणा की वन्सं," वहिनी मागून हळूच म्हणाली. "इडा पिडा टळो."

दादानं तेव्हा मान वर केली. दुकानात न दिसलेलं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. ती भीती होती की शरम, मला ठरवता आलं नाही. मी तबक खाली ठेवलं.

"टळली," मी म्हणाले.

मुलींना काही कळलं नाही. अवनी हसली, तिला वाटलं आत्या चुकली. दादानं ओवाळणीचं पाकीट पुढं केलं, ते त्याच्या हातात तसंच राहिलं. मी दोघी मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागले. कोपऱ्यावर दम लागला म्हणून एका ओट्यावर टेकले. तिथून आमचं दार दिसत होतं. मला श्वास सापडेपर्यंत ते उघडंच होतं, पण त्यातून कुणी बाहेर आलं नाही.